पहिलं काज

"ही राहू दे," काजकाकू म्हणाल्या आणि मशीन आणि हमाल यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

हमालाच्या हातात खडू होता. मशीनच्या फळीवर फुली मारायची आणि मग ती टेम्पोत चढवायची, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. सहा फुल्या मारून झाल्या होत्या.

"मावशी, सात सांगितल्यात. सहाच नेल्या तर सातवी माझ्या पगारातून कापतील."

"म्हणजे पगार बरा आहे म्हणायचा तुझा."

हमाल हसला, पण खडू काही त्यानं खिशात ठेवला नाही. तो उंबऱ्यावर टेकला आणि वाट बघू लागला. वाट बघण्याचे पैसे त्याला मिळत असावेत.

खिडकीजवळची ती शिवणाची मशीन दुकानातली सगळ्यात जुनी. काळी, जड, लोखंडी पायांची. पायडलचा उजवा कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता आणि तो काकूंच्या पायानंच झिजला होता. दुकानात कुणी नवा शिवणारा आला की त्याला पहिल्याच दिवशी बजावलं जाई, चहाचा कप कापडाजवळ आणायचा नाही आणि त्या मशीनवर बसायचं नाही, ती काकूंची आहे. 'काकूंची' म्हणजे नक्की काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज मात्र तेच ठरवायला मास्तरांची मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली.

मुलगी वकील होती. लहानपणी ती याच दुकानात चिंध्यांच्या ढिगावर झोपायची. काकू तेव्हापासून तिला बाळ म्हणत, आणि ती काळा कोट घालून कोर्टात जायला लागली तरी त्यांच्यात काही सुधारणा झाली नव्हती. मास्तर म्हणजे तिचे वडील, दुकानाचे मालक. ते भिंतीपलीकडे, राहत्या खोलीत, कॉटवर होते. झटक्यानं उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. आजारपणाच्या धांदलीत दुकान मुलाच्या नावावर झालं, आणि मुलानं लांब आपल्या नोकरीच्या गावी बसून, फोनवरून, ते सामानासकट विकून टाकलं. मास्तरांना हे सांगायचं धाडस अजून कुणी केलं नव्हतं. आपण उठेपर्यंत दुकान बंद आहे, अशी त्यांची समजूत होती.

"दादाशी बोलले मी," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "तो म्हणतो, मशीन काकूंची आहे हे नीट पटवून दे, मी सोडतो. पण नुसतं 'बाबा म्हणाले होते' एवढ्यावर नाही. बाबा म्हणे त्याला सायकलही देणार होते."

"दिली नाही का?"

"नाही."

"आणि तो राग माझ्या मशीनवर निघतोय होय!"

मुलीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "काकू, मी घेणाऱ्याला विचारलं, ही एक मला विकत दे म्हणून. तो नाही म्हणतो. त्याला खरं तर हीच हवीय. बाकीच्या सहा तो हिच्यासाठी घेतोय."

"हिच्यावर शिवणार कोण? त्याची आई?"

उंबऱ्यावरून हमाल म्हणाला, "शिवत नाहीत मावशी. वरचं डोकं काढून टाकतात. पायांवर काच ठेवली की झालं हॉटेलातलं टेबल. जुन्या पायांना लई मागणी आहे."

काकूंनी मशीनच्या डोक्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि लगेच काढूनही घेतला. लोक बघत होते.

दुकान बंद झाल्यावर काय, याचं उत्तर काकूंनी मनाशी तयार ठेवलं होतं. या वयात कुठलं दुकान त्यांना उभं करणार नव्हतं. ज्या बारीक काजांवरून त्यांना काजकाकू नाव पडलं, ती हातानं करण्याएवढे डोळेही आता राहिले नव्हते. पण मशीनवर त्यांचे हात आपल्या आपण चालत. आपल्या खोलीच्या खिडकीशी मशीन मांडायची, शेजारपाजारच्या पॅंटी आखूड करायच्या, उसवलेलं शिवायचं, चेन बदलायची, पोटापुरतं निघालं असतं. नाहीतर आपल्या मुलाकडे जायचं. मुलगा चांगला होता, सून त्याहून चांगली. ती प्रत्येक वेळी उठून म्हणे, "बसा ना आई, तुम्ही बसा." काकूंना धास्ती होती ती त्या बसण्याची.

"बाबा देतो म्हणाले, तेव्हाच तुम्ही मशीन घरी का नाही नेलीत हो?" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात थोडी चीड होती, आणि ती काकूंवर नव्हती. "नेली असती तर प्रश्नच नव्हता. देणाऱ्यानं दिली, घेणाऱ्यानं नेली, विषय संपला. ती इथून हललीच नाही."

"खोलीत जागा कुठे होती? ह्यांची खाट, पोराचं टेबल. मग ह्ये गेले तेव्हा जागा झाली, पण म्हटलं, इतक्या लगेच ती भरायची कशाला."

 मुलीनं स्वतःसाठी एक स्टूल ओढलं आणि काकूंना मशीनपुढच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं.

"नीट ऐका हं. कुणी नुसतं देतो म्हणालं, तर ते बोलणं झालं. ते पाळलं नाही तर माणूस वाईट ठरतो, पण कोर्ट काही करत नाही. तू हे कर म्हणजे मी ते देतो, असं असेल तर मग तो करार. त्यात तुमच्याकडूनही काहीतरी गेलेलं असलं पाहिजे."

"अगं, इस्पितळाचे सगळे कोट करून दिले की मी! एकटीनं. बोटं सुजली होती."

"पण काम अंगावर घेतल्यावर ते कोट तुम्ही करून देणारच होतात ना? त्याची मजुरी ठरलेली होती. आधीच कबूल केलेलं काम पुरं केलं म्हणून वर काही द्यायचं कबूल केलं, तर कायदा विचारतो, त्याच्या बदल्यात नवीन काय मिळालं? नवीन काही नसलं, तर तो शब्द नुसता शब्द राहतो."

"आणि सोडून जायला निघाला असता कुणी?"

"बांधलेला असून निघाला, तर ती अडवणूक. त्यालाही नाही मिळत. पण मोकळा असेल, जाऊ शकत असेल, आणि त्या शब्दाखातर थांबला, तर मग त्यानं काहीतरी दिलं. थांबणं दिलं."

"म्हणजे ज्याचा पाय दारात आहे त्याला मशीन, आणि जो मुकाट खाली मान घालून बसलाय त्याला काच."

"असंच काहीसं."

"ज्यांना कधी कुणी सोडून गेलं नाही त्यांनी केलेला दिसतोय हा कायदा."

"काकू, मला फक्त एक सांगा. बाबा मशीन देतो म्हणाले, तेव्हा तुम्ही गठ्ठ्याची फीत सोडली होती का?"

प्रश्न बरोबर होता. पोरगी चिंध्यांवर उगाच नव्हती झोपली.

या दुकानात कागदावर कधी काही झालं नाही. मास्तर रोज सकाळी बेतलेल्या कापडाचे गठ्ठे काउंटरवर मांडून ठेवत, प्रत्येकाला कापडाच्याच फितीची गाठ. ज्याला काम करायचं तो आपला गठ्ठा उचली. गाठ सुटेपर्यंत तुम्ही मोकळे. गठ्ठा परत ठेवलात, घरी गेलात, दुसऱ्या दुकानात गेलात, तरी कुणी शब्दानं विचारत नसे. पण एकदा फीत सोडली की ज्या ऑर्डरीचा तो गठ्ठा, ती पुरी केल्याशिवाय काम सोडायचं नाही, मग घरी आग लागलेली असो. फीत सोडून पळालेल्या माणसाला आसपासच्या कुठल्याच दुकानात कुणी कात्री हातात देत नसे.

"आठवत नाही?" मुलीनं विचारलं.

आठवत नाही असं कसं होईल.

इस्पितळाच्या कोटांची मोठी ऑर्डर होती. तारीख चुकली तर सगळा माल मास्तरांच्या अंगावर पडणार होता, आणि मास्तरांनी कापडासाठी घर गहाण ठेवलं होतं. नेमका त्याच सुमाराला रस्त्यापलीकडे कपड्यांचा नवा कारखाना उघडला. तिथे मजुरी जास्त, वर पंखे. दुकानातल्या सगळ्यांचं आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर ठरलं, उद्या गठ्ठे उचलायचे नाहीत. काकूही 'हो' म्हणाल्या होत्या. चोरून नाही, भरल्या कपासमोर, मोठ्यानं. पोराच्या शाळेची फी होती, ह्यांचं औषध होतं. पंख्यांचं म्हणाल तर पंखेही होते.

सकाळी त्या दुकानात आल्या त्या फक्त आपली कात्री आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान न्यायला. दोन्ही पिशवीत टाकली. एकेक करून बाकीचे निघून गेले होते, मास्तर आत फोनवर इस्पितळाशी बोलत होते. आणि मग काय झालं, ते काकूंना आजवर नीट सांगता आलं नसतं. निघताना काउंटरजवळून जायचं होतं. पाय दाराकडे चालले होते, पण हातांनी गठ्ठा उचलला. इतकी वर्षं रोज त्या जागी येऊन जे करायचं, ते हातांनी केलं, काकूंना न विचारता. गठ्ठा छातीशी धरून त्या मशीनकडे चार पावलं गेल्यासुद्धा. मग भानावर आल्या, स्वतःला एक शिवी दिली, आणि तो परत ठेवायला वळल्या.

तेवढ्यात पडदा सरकला आणि मास्तर बाहेर आले.

त्यांनी रिकाम्या मशिनी पाहिल्या. काउंटरवर जसेच्या तसे पडलेले गठ्ठे पाहिले. आणि मध्ये उभ्या काकू, छातीशी गठ्ठा धरलेल्या. मास्तरांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांचा चेहरा शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता.

"तुम्ही... उचललात?" ते म्हणाले.

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. 'नाही हो मास्तर, ठेवायला चाललेय.' वाक्य जिभेवर तयार होतं. पण मास्तरच आधी बोलले. "काकू, हे कोट वेळेत गेले ना, तर ती खिडकीजवळची मशीन तुमची. माझा शब्द."

काकूंनी तोंड मिटलं. मशीनकडे गेल्या. पिशवीतून कात्री काढली आणि फीत सोडली.

एवढंच. पण एवढ्याचा निवाडा त्यांना कधी करता आला नाही. मशीनसाठी थांबलो, की त्या चष्मा नसलेल्या चेहऱ्यासाठी? मनाला विचारलं तर उत्तर कधी या बाजूनं यायचं, कधी त्या, त्या दिवशी कसं वाटतंय त्यावर. कोट वेळेत गेले, घर सुटलं. जे गेले त्यांचंही भलंच झालं. त्यांच्यातल्या इस्त्रीवाल्यानं पुढे स्वतःचं दुकान काढलं, पाटीवर दिवे लावले. काकूंच्या पोराची फी दोनदा थकली. आणि मास्तर त्या दिवसाची गोष्ट सांगत सुटले. नव्या माणसाला, कापडवाल्याला, बिल न देणाऱ्या गिऱ्हाईकाला. सुरुवातीला गोष्टीत गठ्ठा नुसता हातात होता. दोन वर्षांनी त्याची फीत सुटली. पुढे कधीतरी काकू मशीनवर बसलेल्या झाल्या, आणि शेवटी शेवटी तर मास्तर बाहेर येतात तो पहिलं काज होऊन गेलेलं असे. गोष्टीचा शेवट मात्र ठरलेला. "मला मागावं लागलं नाही," मास्तर म्हणत. "माणूस बघायचा असेल तर तिकडे खिडकीशी बघा."

खरं सांगून टाकावं, असं काकूंना दर वेळी वाटे. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर दोघं हसले असते. पण गोष्टीला एकेक टाका पडत गेला, आणि पक्की शिवण उसवायची म्हणजे कापड फाटायची भीती.

"काकू?"

"तुझ्या बाबांना विचार की."

"विचारते. पण कशासाठी ते बोलायचं नाही हं, दुकानाचं कळेल त्यांना."

दोघी आत गेल्या. मास्तर जागे होते. काकूंना बघून त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हसली. मुलगी कॉटच्या कडेला बसली, त्यांचा सदरा सारखा करत, सहज आठवल्यासारखं म्हणाली, "बाबा, ते इस्पितळाच्या कोटांचं सांगा ना. सगळे गेले, तुम्ही बाहेर आलात, तेव्हा काकूंनी फीत सोडली होती का नव्हती?"

मास्तरांच्या डोळ्यांत कुणीतरी दिवा लावला. किती दिवसांनी कुणी त्यांना काही विचारलं होतं, जे त्यांना येत होतं.

"सगळे... गेले," ते म्हणाले. एकेक शब्द पायरीसारखा चढत होते. "मी... बाहेर. ही... एकटी. फीत? फीत... केव्हाच." डावा हात उचलून त्यांनी हवेत दोन बोटं जवळ आणली, सुई धरल्यासारखी. "पहिलं... काज. झालेलं."

मुलीनं डोळे मिटले.

"मागावं... लागलं नाही," मास्तर म्हणाले. डोळ्यातून पाणी आलं ते पुसायला त्यांचा हात गालापर्यंत पोचला नाही. मुलीनं पुसलं. मग ती वळली. तिची नजर स्पष्ट सांगत होती, काकू, म्हातारा माणूस आहे, विसरला असेल, तुम्ही सांगा, मी दादाला तुमचंच सांगेन. तिनं फक्त एवढंच विचारलं, "असंच झालं होतं ना, काकू?"

काकू कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. बाहेर हमाल खोकला. खिडकीशी मांडलेली मशीन त्यांना दिसली, स्वतःच्या खोलीत, दुपारच्या उन्हात, शेजारणीची पॅंट सुईखाली. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. ते खरंही होतं. आजवर खरं बोलायचे इतके पैसे त्यांना कुणी देऊ केले नव्हते.

मास्तर त्यांच्याकडे बघत होते, आणि आजही चष्मा नव्हता.

"पहिलं कसलं मास्तर," काकू म्हणाल्या. "पहिलं केव्हाच झालं होतं. दुसरं चालू होतं."

मास्तर हसले. आवाज न करता, अर्ध्या तोंडानं, खांदा हलवत. "बघ," ते मुलीला म्हणाले. "मी... कमीच... सांगत होतो."

बाहेर आल्यावर मुलीनं त्यांना खिडकीपाशी थांबवलं. मग म्हणाली, "काकू, खरं सांगा. माझ्या डोळ्यांकडे बघून."

"सांगितलं ना. साक्षीदारही होता."

"आता मला दादाला हेच सांगावं लागेल."

"सांग की. खोटं कशाला सांगतेस भावाला."

"मी तुम्हाला दुसरी घेऊन देते. नवी. हलकी येते आता, विजेची..."

"त्याच्या बदल्यात मी काय देऊ?" काकू म्हणाल्या. मग पोरीचा चेहरा बघून त्यांना आपल्याच जिभेचा राग आला. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घे हो. पुढं बघू. आत्ता त्या बिचाऱ्याला फुली मारू दे, खडू घामानं भिजला त्याचा."

हमालानं फुली मारली. त्याचा जोडीदार आत आला. "थांब रे," काकू म्हणाल्या. खणातून तेलाची डबी काढली. सगळ्या छिद्रांत एकेक थेंब सोडला, चाक हातानं दोनदा फिरवलं. कापड सरकवणारे खालचे दात दाबपट्टीखाली झिजू नयेत म्हणून रोज उठताना ठेवत तसा चिंधीचा एक तुकडा तिथे ठेवला आणि दाबपट्टी खाली सोडली. काच ठेवायच्या आधी ते डोकं भंगारात जाणार होतं, हे त्यांना ठाऊक होतं. हमालालाही ठाऊक होतं. तो काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

दोघांनी मशीन उचलली. लोखंडी पाय उंबऱ्यावर आपटले, त्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला.

"काय... नेतायत?" आतून मास्तरांनी विचारलं. मुलगी जागच्या जागी थिजली.

काकू पडद्यापाशी गेल्या. "माझी मशीन, मास्तर. घरी नेतेय."

आत कॉट करकरली. मग, "बरं... झालं. कधीचं... सांगतोय मी."

"जागा नव्हती हो."

"आता... आहे?"

"आता आहे."

"नीट... न्या म्हणावं. जड... आहे ती."

"ऐकलंत ना रे?" काकू रस्त्याकडे तोंड करून ओरडल्या, भिंतीपलीकडे स्पष्ट जाईल एवढ्या मोठ्यानं. "सांभाळून! पाय आधी आत घ्या. घासायचं नाही काही!"

हमालानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "हो मावशी," तोही तितक्याच मोठ्यानं म्हणाला, "तुमची वस्तू आहे, काळजी करू नका!"

टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत काकू उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मग आत आल्या. खिडकीजवळच्या फरशीवर चार पायांचे चार डाग राहिले होते, आणि मध्ये खुर्ची, कशाच्याही पुढे नसलेली. तेलाची डबी अजून त्यांच्या हातातच होती. तिचं टोपण त्यांनी घट्ट बसवलं, हाताला लागलेलं तेल पदराला पुसलं, आणि पिशवी उघडून डबी कात्रीशेजारी ठेवली.